आपापली चाल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येक वक्त्याला विषय वाटून दिले. आपल्यातल्या डॉक्टरांना साठीनंतरचं आरोग्य, बँकेतून निवृत्त झालेल्यांना पेन्शन आणि गुंतवणूक. माझ्यापर्यंत येईतो त्यांचे विषय संपले असावेत. मला म्हणाले, "तू रोज सकाळी एकटाच सायकल घेऊन जातोस ना? त्यावर बोल." मी म्हटलं, त्यात बोलण्यासारखं काय आहे? मी कुठली मोहीम केलेली नाही, काश्मीर ते कन्याकुमारी गेलेलो नाही, माझ्याकडे एक पदकसुद्धा नाही. वाईतून निघतो, मेणवलीवरून धोमपर्यंत जातो आणि परत येतो. अठरा-वीस किलोमीटर. धडधाकट माणूस तासाभरात करील एवढं. मला सव्वादोन तास लागतात, कधी अडीच. तर आज या जादा लागणाऱ्या सव्वा तासाबद्दल बोलतो.

आपण सायकल कशी शिकलो ते आठवा. त्याच्याही इयत्ता होत्या. पहिली लंगडी: डावा पाय पेडलवर आणि उजव्या पायाने जमिनीला रेटा. मग 'मधून': दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा आणि खेकड्यासारखं तिरकं होऊन अर्धं अर्धं पेडल मारायचं. मग दांडीवरून. आणि पाय पुरायला लागले की सीट. सायकल स्वतःची नसायचीच. चार आणे तासाने भाड्याची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा, आणि तास भरायच्या आत परत आणली नाही तर आणखी चार आणे. त्यामुळे नदीपर्यंत जायचं तरी अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं दुकानातल्या घड्याळावर. म्हणजे सायकलवर बसायला शिकलो तेच मुळी घाईत शिकलो.

मुलींनी तेवढंही अनुभवलं नाही. आपल्या वर्गातली एकही मुलगी सायकलवरून शाळेत येत नव्हती. लांबच्या वाडीवरच्या दोघीतिघी चालत यायच्या. आज त्याच रस्त्याने गणवेशातल्या मुली सायकली मारत, मोठमोठ्याने गप्पा मारत शाळेत जाताना दिसतात, तेव्हा बरं वाटतं.

पुढे मी एसटीत वाहतूक नियंत्रक झालो. आपल्यापैकी पुष्कळांनी माझा आवाज स्टँडवर ऐकला आहे, चेहरा कमी पाहिला आहे. चौतीस वर्षं मी खिडकीमागे बसून लोकांना वेळ सांगितली. कुठली गाडी कधी येणार, कुठल्या फलाटावर लागणार, कधी सुटणार, किती उशीर. नोकरीबद्दल तक्रार नाही. १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एसटी खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या हाकेला येते आहे, आणि तिच्यासाठी राबलो याचा मला अभिमान आहे. पण एक झालं. माझ्या डोक्यात वेळापत्रक कायमचं छापलं गेलं. २०२१मध्ये निवृत्त झालो तरी पहाटे चारला जाग यायची आणि अंथरुणात पडल्या पडल्या मनातल्या मनात गाड्या सुटायला लागायच्या. पाच वाजता मुंबई, साडेपाचला पुणे. एकही प्रवासी समोर नाही, आणि मी आपला गाड्या सोडतोय! पहिले सहा-सात महिने असेच गेले. दिवसभर वेळच वेळ होता, आणि त्यातला एक तासही आपला वाटत नव्हता. निवृत्त झालेल्यांपैकी काही जणांनी मान डोलावली, म्हणजे हे माझं एकट्याचं नव्हे.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, सायकल चालव. गावात सायकलवाल्यांचा एक गट आहे. सगळी उत्साही, चांगली माणसं. त्यातली काही दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे करतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही शर्यत नसते, पण दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात. मला त्या मंडळींबद्दल आदर आहे. मी त्यांच्याबरोबर आठ-दहा रविवार गेलो. ते पुढे जायचे आणि चहाच्या टपरीवर माझ्यासाठी थांबायचे. मी घामाघूम होऊन पोहोचलो की सगळे प्रेमाने म्हणायचे, "आले आले, चला!" आणि उठायचे. त्यांचा चहा झालेला असायचा. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळायची नाही. यात दोष कुणाचाच नव्हता. त्यांची चाल वेगळी, माझी वेगळी. मी त्यांना नमस्कार केला आणि एकटा निघायला लागलो.

एकट्याने निघालं की पहिल्या आठवड्यात काय कळतं? की आपल्याला आपली चालच माहीत नाही. सवयीने आपण कुणाच्या तरी बरोबरीने जातो, नाहीतर कुणाच्या तरी पुढे. कुणीच नसलं की पाय आधी गोंधळतात. जोरात जातात, थकतात, रेंगाळतात. मग हळूहळू एक लय सापडते. तिची खूण सोपी आहे. सायकल चालवताना गाणं गुणगुणता आलं पाहिजे. धाप लागून ओळ मध्येच तुटली तर आपण दुसऱ्या कुणाच्या तरी वेगाने चाललो आहोत. माझा वेग निघाला ताशी बारा किलोमीटर. चालणाऱ्याच्या अडीच-तीन पट, आणि मोपेडवाल्याने दया येऊन वळून पाहावं इतका कमी.

इथे आपले विज्ञानाचे सर बसले आहेत, म्हणून भीत भीत एक हिशेब सांगतो. चुकलो तर कान धरावा. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याची मोठी झटापट हवेशी असते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगाने कापायचा असल्यामुळे हवेपोटी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे बाराच्या जागी चोवीसने गेलो तर वेळ अर्धा वाचेल, पण हवेसाठी पाय आठपट जोराने मारावे लागतील. तो सौदा पंचविशीत परवडतो. साठीत मी हवेशी भांडण मिटवून टाकलं आहे.

आता भूगोलाचे सर. सर, तुम्ही शिकवलंत की कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि धोमवरून वाईला येते. मी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, गुण मिळवले. पण ते खरं आहे हे माझ्या मांड्यांना साठीत कळलं. वाईहून धोमकडे जाताना रस्ता सपाट दिसतो. मोटारीतून तर अगदी सपाट. सायकलवर मात्र जाताना सारखं कुणीतरी मागून हलकेच धरून ठेवल्यासारखं वाटतं, आणि येताना तेच कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे ढकलतं. आपण नदीच्या विरुद्ध चाललो आहोत की तिच्या बरोबर, हे नदी दिसत नसतानाही समजतं. ज्या गावात जन्म काढला त्याचा चढउतार मला या वयात ठाऊक झाला.

वाटेत मेणवली लागते. नाना फडणविसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या देवळाजवळची ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली, तिथून आणलेली ही पोर्तुगीज घंटा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सहलीला शाळेने आपल्याला इथे आणलं होतं. तेव्हा रांगेतून जाऊन दहा मिनिटांत घाट 'पाहून' झाला होता. आता मी पायरीवर बसतो. सकाळी साडेसहाच्या सुमाराला पाण्यावरून धुकं सरकत असतं. पायऱ्यांच्या कडेने धोबी पक्षी शेपूट वरखाली करत फिरतो. खंड्या एका जागी बराच वेळ दगडासारखा बसतो आणि मग एकदम सुरकन पाण्यात. तो कधी सूर मारील हे सांगता येत नाही. त्यासाठी बसून राहावं लागतं, आणि बरोबर कुणी असलं की बसून राहण्याचं कारण द्यावं लागतं. एकट्याला कारण द्यावं लागत नाही. एकटं फिरण्यातलं सगळ्यात मोठं सुख मला विचाराल तर हे: वाटेल तिथे पाय टेकवायचा, आणि 'का थांबलास?' असं विचारणारं कुणी नाही.

धोमच्या देवळात तर मला माझ्या चालीचा पाठीराखाच भेटला. तिथला नंदी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दगडी कुंडात कासव आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदी बसला आहे. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगत निघाल्यासारखं दिसतं. महादेवाच्या दारातल्या नंदीला कासवावर बसून जायला कमीपणा वाटत नाही, मग माझं काय मोठं? देवळापासून पुढे धरण. आपल्या शाळेच्या दिवसांत त्याचं काम चालू होतं, आठवतं? आज तिथे काठावर उभं राहून पाणी पाहतो आणि परत फिरतो.

ऋतूही या वेगात नीट कळतात, आणि पुष्कळदा आधी नाकाला कळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजत असते, तो ओला, मातकट वास अर्ध्या कोसावरून येतो. गुऱ्हाळ लागलं असेल तर वळणापलीकडूनच समजतं. मे महिन्याच्या अखेरीला पावशा ओरडायला लागतो. पहिल्या पावसानंतर पांडवगडाच्या अंगावर हिरवी साय धरते आणि आठ दिवसांत तिचा गालिचा होतो. सुरूरहून वाईला येणाऱ्या रस्त्यावरचे जुने वड तुम्ही सगळ्यांनी मोटारीतून पाहिलेत. त्यांच्याखालून सायकलवर सावकाश गेलात तर ऊन, सावली, ऊन, सावली असं आळीपाळीने अंगावर येतं. सावलीत शिरताना हवा खरोखर गार होते, दंडाला कळते. मोटारीत काचा वर असतात.

एकटा जातो म्हणतो खरा, पण अगदी एकटा नसतो. आपल्यातला एक जण शाळेत रोज माझ्या मागे कॅरिअरवर बसून यायचा. नाव सांगायला नको, तुम्ही ओळखलंत. सायकल त्याच्या वडिलांची, चालवायचो मी, कारण त्याला चालवता येत नव्हती आणि शिकायची घाईही नव्हती. मागे बसून तो शेवटपर्यंत बोलायचा. चढ लागला की मात्र गप्प व्हायचा, जणू बोलणं बंद केलं की वजन कमी होतं. तो २०२१च्या उन्हाळ्यात गेला. त्या दिवसांत आपल्यापैकी कुणालाही त्याचं शेवटचं दर्शन घेता आलं नाही. फोनवरून बातमी कळली, आपण एकमेकांना फोन केले, आणि संपलं. रडायलासुद्धा कुणाच्या घरी जाता आलं नाही. पुढे दीड-एक वर्षाने, मेणवलीच्या पुढच्या छोट्या चढावर, मला एकदम मागे वजन असल्यासारखं वाटलं. चाकात हवा कमी होती, कारण एवढंच. पण मी उतरलो नाही. तसाच चढ चढलो, आणि वर गेल्यावर बाजूला थांबून पोटभर रडलो. घरात मला ते जमलं नव्हतं. माणसांत असलं की माणूस सावरलेला असतो. सावरणं सोडून द्यायलाही एकांताची जागा लागते, ती मला त्या रस्त्यावर मिळाली.

आणि वेळापत्रकाचं काय झालं? माझ्या परतीच्या वाटेवर वरच्या गावांकडून येणारी एसटी मला रोज गाठते. ड्रायव्हर ओळखीचे, हॉर्न देतात, मी हात करतो. सुरुवातीला हात खाली येतायेताच नजर मनगटावर जायची: चार मिनिटं उशीर, आज दोन मिनिटं लवकर. वर्षभर हे चाललं. मग एका सकाळी गाडी आली, हॉर्न झाला, मी हात केला आणि पुढे निघालो. घरी येऊन अंघोळ करताना लक्षात आलं की आज मी घड्याळ पाहिलं नाही. त्या दिवशी मी खरा निवृत्त झालो. आता पहाटे जाग येते ती पाचला, आणि मनात गाड्या सुटत नाहीत.

हे सगळं फार गोड वाटेल म्हणून दुसरी बाजूही सांगतो. मी घरी येऊन असं उत्साहाने सांगत असताना एक दिवस आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमची ड्यूटी संपली. माझी चालूच आहे." त्यावर उत्तर नव्हतं. पुरुषाला निवृत्ती येते, स्वयंपाकघराला येत नाही. मैत्रिणींनो, तुम्ही हसताय, म्हणजे हे सगळ्या घरांत आहे. तेव्हापासून आमच्याकडे ठरलं आहे: सकाळचे तास माझे, संध्याकाळी पाच ते सात त्यांचे. त्या वेळात त्या काय करतात, कुठे जातात, मी विचारत नाही. भाजी चिरून, कुकर लावून ठेवतो. आपल्या चालीने जगायची मुभा घरात एकालाच मिळाली तर ती दुसऱ्याच्या जिवावर मिळालेली असते.

आणि एक गोष्ट गुरुजनांसमोर बोलतो, नम्रतेने. हळू सायकल चालवताना मला आपल्या वर्गातली काही मुलं वारंवार आठवतात. आपल्या दहावीच्या फोटोत पुष्कळ जण आहेत, पण पाचवीत आपल्याबरोबर बसलेली काही त्यात नाहीत. कुणी सातवीत राहिलं, कुणी आठवीत शाळा सोडून शेतावर गेलं. ती मुलं मठ्ठ नव्हती. त्यातल्या एकाला नदीच्या पाण्याचा रंग पाहून वर किती पाऊस झाला ते सांगता यायचं. त्यांची चाल वेगळी होती, आणि घंटा सगळ्यांसाठी एकच होती. साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळताना तुम्ही काय काय केलंत ते आम्ही पाहिलं आहे. गणिताच्या बाई शाळा सुटल्यावर मागे राहिलेल्यांना घेऊन बसायच्या, एक पैसा न घेता. बाई, तुम्ही त्या मुलांसाठी थांबत होतात, हे मला तेव्हा कळलं नाही. मला तेव्हा फक्त सुटायची घाई होती. आज आपल्यातले बरेच जण आजी-आजोबा आहेत. नातवंडांपैकी एखादं सावकाश असेल. त्याला 'चल चल' म्हणण्याआधी एवढं पाहावं, की ते थांबलंय, का काही पाहतंय.

आता ज्यांना सायकल घ्यावीशी वाटेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयाचं किंवा गुडघ्याचं काही झालं असेल तर. महागडी सायकल नको, पण सीटची उंची नीट हवी. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकली तर पाय सरळ व्हावा. सीट खाली ठेवून गुडघे दुमडत चालवाल तर गुडघे बोलायला लागतील. चाकात हवा भरपूर ठेवा, नाहीतर माझ्यासारखं उगाच वजन ओढाल. मागे लाल दिवा, अंगावर उजळ कपडे, हँडलला छोटा आरसा. कानात काहीही घालू नका. मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे, आणि पावशाही. एकटे जात असाल तर कुठल्या रस्त्याने जाणार ते घरी सांगून जा, आणि खिशात नाव, रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चढावर उतरून सायकल हातात धरून चालायला लाजू नका. पसरणीचा घाट मी असाच चढलो, अर्धा सायकलवर आणि अर्धा सायकलबरोबर. वर पाचगणीला दोघंही पोहोचलो.

शेवटी एक निमंत्रण देतो आणि खाली बसतो. उद्या रविवार आहे आणि तुमच्यापैकी बरेच जण वाईत मुक्कामाला आहात. गावात सायकली उसन्या मिळतील, ती जबाबदारी माझी. सगळ्यांनी एकत्र निघायचं नाही. ज्याने त्याने आपल्या वेळी, एकट्याने निघावं. सायकल जमत नसेल त्याने चालत यावं, तेही नसेल तर रिक्षाने. भेटायचं मेणवलीच्या घाटावर. मी दोन मोठे थर्मास घेऊन पायरीवर बसलेला असेन. नियम एकच: जो सगळ्यात शेवटी येईल, त्याचा चहा बसून, सावकाश, पिऊन झाल्याशिवाय कुणीही उठायचं नाही.